पाणी सगळेच चाखतो, ओढा कोण राखणार?



अंक हाती आला की आपण सगळे आधी गाळपाचा आणि उताऱ्याचा तक्ता बघतो, मग दराची बातमी शोधतो, आणि उरलेला अंक दिवाणखान्यातल्या टीपॉयवर जातो. मीही तसाच वाचक आहे. पण यावेळी तक्ता वाचून झाल्यावर माझ्यासाठी पाच-दहा मिनिटे काढावीत अशी विनंती आहे. विषय उसाचाच आहे, फक्त जरा आडवाटेने येतो. विषय आहे तुमच्या-माझ्या शिवारातून वाहणाऱ्या ओढ्याचा.

मी कुणी तज्ज्ञ नाही. वारणेच्या खोऱ्यातला साडेचार एकरांचा बागायतदार आणि आपल्या कारखान्याचा जुना सभासद, एवढीच माझी ओळख. तेव्हा शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला नाही. उलट जी चूक मी स्वतः केली तीच इथे सांगणार आहे. ती वाचून आपली चूक ज्याला आठवेल, त्याच्यासाठी हा लेख.

आमच्या रानाची एक बाजू ओढ्याला लागून आहे. आबा, म्हणजे आमचे वडील, होते तोवर त्या काठाला करंज, जांभूळ आणि उंबर मिळून चौदा झाडे होती. खाली निगडीची आणि वाळ्याची दाटी. आबा नांगर फिरवताना काठापासून सात-आठ हात अलीकडेच बैल वळवायचे. आम्ही भाऊ शाळा शिकलेले, हिशेबी. एकदा म्हटले, "आबा, एवढी जमीन वाया कशाला घालवायची? दोन-तीन सऱ्या सहज बसतील."

आबा म्हणाले, "ती जमीन आपली न्हाई. ती वढ्याची हाय. त्येची त्येला ठेवावी."

आबा गेले आणि तीन-चार वर्षांतच आम्ही त्या जमिनीत नांगर घातला. झाडे वीटभट्टीवाल्याला दिली. पैसे किती आले ते आता आठवत नाही, म्हणजे फार आले नसणार. रानाच्या मधून एक ओघळ तिरपी वाहत ओढ्याला मिळायची, ती ट्रॅक्टरच्या फळीने बुजवली आणि रान एकसलग केले. दोन-तीन हंगाम खरेच फायदा झाला. वजनकाट्यावर गाडी थोडी जड भरायला लागली. आबांना हिशेब कळत नव्हता, असे त्या वेळी मनात आले, हेही लपवून ठेवत नाही.

हिशेब कोणाला कळत नव्हता ते पुढे कळले. 2005 च्या पुरात काठ ढासळला आणि मोटारीची खोली पाण्यात गेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला आणि वाढवून घेतलेल्या त्या सऱ्या तर गेल्याच, वर आबांच्या वेळची दोन गुंठे कसदार माती ओढ्याबरोबर गेली. मुळ्यांनी धरून ठेवलेला काठ आम्हीच सैल केला होता, पाण्याने फक्त तो नेला.

दुसरी गोष्ट हळूहळू घडली, म्हणून तिच्याकडे लक्ष गेले नाही. खालच्या अंगाचा एक एकर आधी चिबडला. मग उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरा पापुद्रा दिसायला लागला. ज्या एकराने पन्नास टन दिले होते, तो वीस-बावीसवर आला. खते वाढवली, बेणे बदलले, देवालाही बोललो. शेवटी शेतकी खात्याच्या साहेबांनी माती तपासून सांगितले की जमीन क्षारपड होत चालली आहे, पाणी मुरते पण बाहेर पडायला वाट नाही.

वाट होती. ती ओघळ होती. ती मीच बुजवली होती.

आता क्षारपडीवर उपाय म्हणून भूमिगत निचऱ्याचे पाइप टाकतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. भोके पाडलेले पाइप जमिनीत पुरायचे, म्हणजे जादा पाणी आणि त्याबरोबरचा क्षार बाहेर निघतो. उपाय खर्चाचा आहे, पण चांगला आहे. मी चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या जाणत्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "पाइपाचं तोंड कुठं काढणार?" मी म्हटले, "ओढ्यात." तो म्हणाला, "मग ओढा कुठं हाय ते दाखवा." आम्ही दोघे काठावर उभे राहिलो. समोर ओढा कुठला? दोन्ही बाजूंच्या उसात दबलेली हातभर चारी, तिच्यात बेशरमाची झुडपे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि काळपट पाणी. गावनकाशात मात्र तो अजून रुंद ओढा आहे. आपण नांगर कुठवर आणला ते गावनकाशाला माहीत नाही.

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात अशी चिबड आणि क्षारपड झालेली जमीन गावोगाव आहे. त्याला ओढा बुजवणे हे एकच कारण आहे असे मी म्हणत नाही. मोठे कारण आपले पाणी देणेच आहे. उपसा योजनेचे पाणी आले, मोटार सुरू झाली, की रान तुडुंब भरल्याशिवाय आपल्याला समाधान वाटत नाही. पाळी आली की घ्यायचेच, गरज असो वा नसो. पण वरून ओतणे वाढवायचे आणि खालून निचरा बुजवायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्यावर जमिनीने करायचे काय? तिनेही मग मीठ वर फेकले.

आता जरा ओढ्याच्या उगमाकडे जाऊ. ओढा शिवारात सुरू होत नाही, डोंगरात होतो. नदीही तशीच. वारणा सह्याद्रीच्या माथ्यावरून, चांदोलीच्या रानातून खाली येते. कोयना, पंचगंगेच्या उपनद्या, खुद्द कृष्णा, सगळ्यांचे माहेर तोच डोंगर. पाऊस तिथे चार महिने कोसळतो आणि आठ महिने थांबतो. त्या चार महिन्यांचे पाणी एकदम खाली न धावता मातीत मुरते आणि झऱ्यांनी सावकाश येते, ते तिथल्या झाडांमुळे आणि पालापाचोळ्याच्या थरामुळे. डोंगर उघडा पडला की पाणी मातीसकट धावत सुटते. माती धरणात बसते, आणि ज्या धरणाच्या भरवशावर आपण लागण करतो त्या धरणाचे पोट भरत जाते.

हे रान सांभाळण्यासाठी कायदे झाले. राधानगरीचे दाजीपूर अभयारण्य 1958 चे, राज्यातले सर्वांत जुने. चांदोली 1985 साली अभयारण्य झाले आणि 2004 साली राष्ट्रीय उद्यान. 2010 साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत आपल्या राज्यातली चार आहेत: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. ही नावे वर्तमानपत्रात वाचून आपल्याला अभिमान वाटतो. वाटावाच.

पण एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. ते धरण बांधायला आणि ते रान राखायला तिथल्या माणसांनी गावे सोडली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, देवळे, वाडवडिलांच्या समाध्या पाण्यात नाही तर रानात ठेवून ती माणसे खाली आली. त्यांतली काही आज आपल्याच तालुक्यांच्या वसाहतींत राहतात, काही आपल्या शेजारच्या बांधावर आहेत. त्यांनी अख्खे गाव सोडले म्हणून आपल्या पाटाला पाणी आले. आणि आपल्याला ओढ्याच्या काठचे दहा फूट सोडवत नाहीत! डोंगरातल्याने झाड तोडले की आपण म्हणतो जंगलाचा नाश झाला. आपण करंज तोडला की म्हणतो रान नीट केले. मंडळी, हा न्याय नव्हे.

आता पाण्याचा थोडा हिशेब मांडू. आपण हिशेबी माणसे, एक रुपया कमी पडला तरी वार्षिक सभेत उभे राहून जाब विचारतो. पाण्याचा जाब कधी कुणी विचारला आहे?

पाटाने पाणी दिले तर सुरू उसाला सगळ्या पाळ्या मिळून सुमारे 250 सेंटिमीटर पाणी लागते असे कृषी विद्यापीठाची माणसे सांगतात. आडसालीला याहून बरेच जास्त. म्हणजे रानात अडीच मीटर उंचीचे पाणी उभे केल्यासारखे झाले. एका एकराला हे किती होते? जवळजवळ एक कोटी लिटर.

एक कोटी हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला प्यायला पाणी नव्हते. तेव्हा आपल्या मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. मिरजेच्या स्टेशनावर टाक्या भरताना बघणाऱ्या आपल्या माणसांचे डोळे भरून आले, कारण ते पाणी आपल्या नदीचे होते. त्या पहिल्या गाडीसारख्या वीस गाड्या म्हणजे एक कोटी लिटर. वीस गाड्या पाणी माझा एक एकर ऊस एका हंगामात पितो. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा दोनदा गुणाकार तपासला.

केंद्र सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेही आपल्या अहवालात लिहिले आहे की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी तो घेतो. आपल्याला हे वाचून राग येतो. मलाही आला. शहरवाल्यांना ऊस दिसतो, त्यांच्या नळाची गळती दिसत नाही, असे म्हणून मी पेपर बाजूला ठेवला. पण राग आला म्हणून आकडा बदलत नाही.

काही गावांनी याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. 1972 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे एक कारखानदार इंजिनियर पुरंदर तालुक्यात गेले, खडी फोडणारी माणसे पाहिली आणि परत आपल्या व्यवसायात रमले नाहीत. नायगावच्या उघड्या माळावर त्यांनी पाणी अडवले आणि पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम असे: पाणी जमिनीच्या मापाने नाही तर घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर बंद केल्या आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला, प्यायला किती, जनावरांना किती, उरले किती, मग कोणते पीक घ्यायचे, असा तो हिशेब. तिथेही ऊस बसत नाही.

आता कोणी म्हणेल, हा सभासद आपल्याच पत्रकात ऊस बंद करा म्हणायला लागला! तसे नाही. आपल्या गावात शाळा आली, दवाखाना आला, पोरी कॉलेजला गेल्या, त्या उसामुळे. 1950 साली प्रवरानगरला पहिल्या सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले तेव्हापासून या पिकाने शेतकऱ्याला सावकाराच्या ओट्यावरून उठवले. ते ऋण मी विसरलेलो नाही. पण जे पीक आपल्याला टिकवायचे आहे त्याचे पाणी आणि त्याची माती आपणच संपवत असू, तर उद्या ऊस बंद करा म्हणायला कोणी बाहेरून यावे लागणार नाही. क्षार फुटलेले रान स्वतःच सांगेल.

माझे हे म्हणणे मी गट ऑफिसात आणि चहाच्या टपरीवर बोलून पाहिले. तिथे जे आक्षेप आले ते इथे मांडतो, कारण ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप जमिनीचा. "तुमचं ठीक हाय दादा, आमचं दीड एकर. त्यातली सोडायची किती?" हिशेब करू. शंभर मीटर काठ असलेल्या सभासदाने दहा फूट पट्टा सोडला तर सुमारे तीन गुंठे जातात. एकरी चाळीस टनांच्या मापाने ते तीन टन उसाचे रान झाले. म्हणजे खर्च वजा न करता नऊ हजारांच्या आसपास. लहान शेतकऱ्याला ही रक्कम थोडी नाही, हे कबूल. पण एका पुरात माझी दोन गुंठे माती गेली ती कायमची गेली, आणि एका एकरात दर वर्षी जवळजवळ तीस टनांची तूट येते आहे. तीन टन वाचवायला गेलो आणि तीस टन घालवले, असा माझा व्यवहार झाला. शिवाय पट्टा सोडायचा म्हणजे ओसाड टाकायचा नाही. बांबू, जांभूळ, करंज, शेवगा लावावा. वाळा लावावा, त्याच्या मुळ्या खोल जातात आणि माती धरतात. गवत जनावरांना मिळते.

दुसरा आक्षेप हुमणीचा, आणि तो जाणत्या शेतकऱ्याचा आहे. पहिला वळीव झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि बाभळीवर, कडुनिंबावर पाला खायला बसतात. त्यांचीच अळी पुढे उसाच्या मुळ्या खाते. म्हणून अनेकांनी बांधावरची बाभळ-निंब तोडून टाकली. पण झाड तोडल्याने भुंगेरा मरत नाही, तो शेजारच्या झाडावर जातो. उलट झाड असले तर तो एका जागी सापडतो. रात्री आठ-नऊला फांद्या हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकावेत. गावाने मिळून आठ-दहा रात्री हे केले तर पुढची अंडीच पडत नाहीत. एकट्याने केले तर उपयोग नाही, इथेच सहकार लागतो. आणि नांगरामागे जे बगळे आणि साळुंक्या अळ्या वेचतात त्यांना रात्री बसायला झाड नको का? झाड तोडून आपण आपलाच फुकटचा मजूर हाकलला.

याच संदर्भात 2002 चे दिवस आठवा. लोकरी मावा आला आणि पाने पांढरी पडली. उसात शिरून फवारणी करता येत नव्हती, आणि केली तरी मावा हटत नव्हता. शेवटी तो आटोक्यात आणला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. त्यांच्या अळ्या आणि कोष असलेली पाने एका गावातून दुसऱ्या गावाला नेऊन आपण उसाला अडकवत होतो. ज्या किड्याचे नावही आपल्याला माहीत नव्हते त्याने आपला हंगाम वाचवला. ओढ्याकाठचे गवत, झुडपे, फुले ही असल्या जीवांची घरे आहेत. घर मोडले तर पाहुणा येणार कसा?

तिसरा आक्षेप पाचटाचा. "जाळलं की रान मोकळं हुतं, कीड जळती, राखेचं खत बी हुतं." अर्धे खरे आहे. राखेत पोटॅश उरते, पण नत्र आणि सेंद्रिय अंश धुरात जातो, मित्रकीड जळते, गांडूळ भाजते, आणि वाऱ्याने जाळ ओढ्याकाठच्या झाडांत शिरतो तो वेगळाच. एकरी तीन-चार टन पाचट निघते. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक टाकून ते सरीत दाबले तर खोडव्याला खतही होते आणि ओलही टिकते, पाण्याची एखादी पाळी लांबवता येते. मी तीन वर्षे काडी लावली नाही. पहिल्या वर्षी कोंब वर यायला उशीर झाला म्हणून घरात बोलणी खाल्ली. आता तेच रान भुसभुशीत झाले आहे आणि घरचेच चार जणांना बोलावून दाखवतात.

चौथा आक्षेप सगळ्यांत टोचणारा होता. एक तरुण सभासद म्हणाला, "काका, आमाला वढा राखा म्हणता, कारखान्याच्या पाण्याचं काय?" त्याचे बरोबर आहे आणि हे आपल्याच पत्रकात लिहायला मला संकोच वाटत नाही. कारखाना आपला आहे म्हणूनच. उसात जवळजवळ सत्तर टक्के पाणी असते. रस आटवताना ते वाफ होऊन निघते, आणि ते नीट धरून पुन्हा वापरले तर कारखान्याला बाहेरचे पाणी फार थोडे लागते. केंद्राने 2016 साली नियमही केला की टनामागे 200 लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडायचे नाही. आपला आकडा किती आहे? तो सभासदांना कळावा. उतारा जसा दशांशापर्यंत छापतो तसा हाही छापावा. आकडा चांगला असेल तर आम्ही टाळ्या वाजवू. वाईट असेल तर काय करायचे ते मिळून ठरवू. शेतकऱ्याने काठ सोडायचा आणि कारखान्याने ओढ्यात काळे पाणी सोडायचे, असे झाले तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होईल.

तेव्हा येत्या वार्षिक सभेपुढे विचारासाठी चार सूचना ठेवतो.

एक: ओढ्याला लागून रान असलेल्या प्रत्येक सभासदाने दोन्ही काठांवर दहा फूट पट्टा नांगराविना सोडावा. रोपे कारखान्याच्या रोपवाटिकेतून मिळावीत. दीड-दोन एकरांच्या आतल्या सभासदाला त्या पट्ट्याची काही भरपाई पहिली तीन वर्षे कारखान्याने द्यावी, कारण त्याचा त्याग आपल्यापेक्षा मोठा आहे.

दोन: बुजवलेल्या ओघळी आणि चर गटवार मोजून पुन्हा मोकळे करावेत. नुसते मशीन लावून ओढा खोल करून भागत नाही. वरचा डोंगर उघडा राहिला तर दोन पावसांत तो गाळाने भरतो. काम माथ्यापासून पायथ्याकडे यावे.

तीन: पाचट न जाळणाऱ्याला जिवाणू संवर्धक उधारीवर मिळावे, आणि ठिबक करू पाहणाऱ्या लहान सभासदाच्या कर्जाला कारखान्याने हमी द्यावी. ठिबकाने निम्म्याच्या आसपास पाणी वाचते हे आपल्यातल्याच अनेकांनी करून दाखवले आहे.

चार: वार्षिक अहवालात पैशाच्या ताळेबंदाशेजारी पाण्याचा ताळेबंद छापावा. कार्यक्षेत्रात पाऊस किती, उसाने घेतले किती, कारखान्याने वापरले किती आणि सोडले किती.

यात अवघड काही नाही, फक्त कोणी एकट्याने करून उपयोग नाही. मी काठ सोडला आणि वरच्या बाजूच्याने बुजवला तर पाणी माझ्याच रानात शिरणार. ओढा हा मुळातच सामाईक. त्याला सात-बारा समजत नाही, गट नंबर समजत नाही, निवडणुकीतले पॅनेलही समजत नाही. सहकार म्हणजे काय हे भाषणात फार ऐकले. ओढा राखण्याइतकी त्याची सोपी परीक्षा दुसरी नसेल.

मी माझ्यापुरते सुरू केले आहे. मागच्या पावसाळ्यात सऱ्या मागे घेतल्या, ओघळ पुन्हा उघडली आणि काठाला बावीस रोपे लावली. त्यांतली सतरा जगली आहेत. करंजाला नवी पालवी आली आहे. खालच्या एकरातला क्षार लगेच जाणार नाही, मला माहीत आहे. त्याला काही वर्षे लागतील. झाडे मोठी होतील तेव्हा मी असेन-नसेन. पण नातू परवा विचारत होता, "आजोबा, इथं ऊस का लावत नाही?"

मी म्हणालो, "ती जमीन आपली न्हाई बाळा. ती वढ्याची हाय."

आपल्यापैकी कोणाचे वेगळे मत असेल तर त्यांनी ते याच पत्रकात जरूर लिहावे. काही चुकले असल्यास क्षमा असावी.

जय सहकार!

आपला,
एक सभासद